पण कोणाचा? : एका मालवाहू विमानकंपनीच्या उत्पत्तिकथा आणि द्यूताचा प्रश्न

मराठी समीक्षेत 'मिथ' या संकल्पनेसाठी 'मिथक', 'प्राक्कथा', 'पुराणकथा' असे निरनिराळे प्रतिशब्द वापरले गेले असले, तरी त्यांपैकी अधिक रुळलेल्या 'मिथक' या शब्दाने एक अडचण करून ठेवली आहे. त्याच्या उच्चारातच 'मिथ्या'ची छाया आहे. परिणामी एखाद्या कथेला मिथक म्हटले की ती खोटी असल्याचे सूचित होते आणि ती खरी असल्याचे सिद्ध झाले की तिच्या चिकित्सेचे काम संपले असे मानले जाते. ब्रोनिस्लाव मॅलिनॉव्स्की यांनी १९२६ साली ट्रोब्रिआंड बेटांवरील उत्पत्तिकथांचे विवेचन करताना हा पेच केव्हाच ओलांडला होता. कुळाचे आद्य पूर्वज जमिनीतील अमुक विवरातून वर आले ही कथा त्या विवराभोवतालच्या जमिनीवरील कुळाच्या हक्काची सनद असते. तेव्हा तिला विचारावयाचा प्रश्न 'असे घडले काय?' हा नसून 'हिच्या आधारे कोण कोणावर हक्क सांगतो?' हा आहे. आपल्याकडील क्षेत्रमाहात्म्ये आणि स्थलपुराणे यांच्या अभ्यासकांना ही दृष्टी अपरिचित नाही. उरतो तो नैतिक प्रश्न : एखादी उत्पत्तिकथा तपशिलात खरी असूनही ती सांगण्यात अन्याय असू शकतो काय? असू शकत असेल, तर तो नेमका कोठे असतो?

हा प्रश्न आधुनिक कामाच्या ठिकाणी विचारणे विशेष फलदायी ठरते. देवळात माहात्म्य ऐकणारा भाविक आपणहून आलेला असतो. कंपनीचे माहात्म्य ऐकणारा मनुष्य पगारासाठी आलेला असतो, आणि ते त्याला बहुधा रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच ऐकविले जाते. जोअ‍ॅन मार्टिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली अशा संस्थाकथांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक संस्था आपले वेगळेपण कथांच्या द्वारे सांगते, पण त्या कथा मात्र सर्वत्र त्याच त्या सात साच्यांच्या असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. वरचा साहेब माणूस आहे की नाही, तळचा माणूस वर जाऊ शकतो की नाही, संकट आले तर संस्था काय करते, अशा प्रश्नांची उत्तरे त्या कथा देतात. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. प्रत्येक गावची ग्रामदेवता स्वयंभूच असते.

फेडरल एक्स्प्रेस या अमेरिकन मालवाहू विमानकंपनीच्या उत्पत्तिकथा या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. फ्रेडरिक स्मिथ (१९४४-२०२५) यांनी व्हिएतनाममधील लष्करी सेवेनंतर १९७१ साली आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे ही कंपनी नोंदविली आणि १९७३ साली ती टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे हलविली. देशभरातील पाकिटे रात्री विमानांनी एका मध्यवर्ती ठिकाणी आणावयाची, तेथे त्यांची छाननी करावयाची आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या गावांकडे रवाना करावयाची, ही तिची योजना होती. कंपनी आपला जन्म १७ एप्रिल १९७३ च्या रात्री झाला असे मानते. त्या रात्री १४ फाल्कन विमानांनी १८६ पाकिटे २५ शहरांकडे नेली. मात्र त्याआधी मार्च महिन्यात एक चाचणी झाली होती आणि त्या रात्री हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच पाकिटे आली होती. ती रात्र जन्मतिथी ठरली नाही. उत्पत्तिकथेत आरंभ सापडत नसतो, तो निवडावा लागतो, याचे हे साधे उदाहरण.

या कंपनीविषयी दोन कथा सर्वतोमुखी आहेत. पहिली अशी : येल विद्यापीठात शिकत असताना स्मिथ यांनी अर्थशास्त्राच्या वर्गासाठी या योजनेवर एक निबंध लिहिला आणि प्राध्यापकांनी तो अव्यवहार्य ठरवून त्याला 'सी' श्रेणी दिली. गुरूने अव्हेरलेला शिष्य पुढे गुरूपेक्षा मोठा होतो, हे आशयसूत्र इतके जुने आहे की त्याचा उगम शोधण्याची गरज नाही. स्मिथ यांनी स्वतः मात्र नंतर सांगितले की श्रेणी कोणती मिळाली ते आठवत नाही, नेहमीप्रमाणे 'सी'च असेल. म्हणजे कथेचा कणा असलेला तपशील खुद्द नायकाच्या तोंडी एक अंदाज आहे. तथापि त्यामुळे कथेच्या प्रसारात काहीही उणे आले नाही; विद्यापीठांतूनच ती अधिक आवडीने सांगितली जाते.

निबंधाची कथा आणखी एक गोष्ट करते. ती कल्पनेला एकच मस्तक देते. वास्तविक मध्यवर्ती केंद्रातून रात्रीची टपालवाहतूक ही कल्पना १९६५ साली नवी नव्हती. स्वतंत्र भारताच्या टपालखात्याने रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, १९४९ साली, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू केली होती. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत परतत. स्मिथ यांनी ही पूर्वपीठिका लपविली नव्हती. भारतीय टपाल, फ्रेंच टपाल आणि युद्धोत्तर काळातील अमेरिकन एअरलाइन्सचा प्रयत्न यांचा उल्लेख त्यांनी एका मुलाखतीत आपण होऊन केला आहे. तरीही नागपूर कथेत आले नाही. ते यावयाचे तर कथेचा नायक एक सरकारी खाते होऊ लागते आणि खात्याला बाल्य नसते, अपमान नसतो, प्रतिज्ञाही नसते. येथे कोणी असत्य बोललेले नाही. कथेच्या रचनेनेच एक सत्य बाहेर ठेवले आहे.

दुसरी कथा अधिक गंभीर आहे आणि प्रस्तुत प्रश्नाचा गाभा तिच्यातच आहे. कंपनीच्या आरंभीच्या महिन्यांत इंधनपुरवठादार उधारीवर इंधन देईनासे झाले. जनरल डायनॅमिक्स या कंपनीच्या संचालक मंडळाने आणखी पैसा देण्यास नकार दिला. शिल्लक उरली ५,००० डॉलरची, इंधनाची गरज त्याच्या कित्येक पट. बैठकीहून परतताना स्मिथ मेम्फिसला न जाता लास व्हेगासला गेले, पत्त्यांच्या ब्लॅकजॅक या जुगारात २७,००० डॉलर जिंकले आणि ते कंपनीच्या खात्यात जमा केले. विमाने उडत राहिली. ही कथा ऐकीव नाही. आरंभीच्या काळातील एक वरिष्ठ अधिकारी रॉजर फ्रॉक यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ती प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून सांगितली आहे. त्यांनी चकित होऊन विचारले की शेवटचे पाच हजार तुम्ही डावावर लावलेत काय. त्यावर स्मिथ यांच्या उत्तराचा आशय असा होता की त्याने काय बिघडले, इंधनाचे पैसे नसते तर विमाने उडालीच नसती.

प्लेटोने 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात नगरवासीयांना सांगण्यासाठी एक उत्पत्तिकथा रचली आहे. सर्वजण भूमीच्या उदरातून जन्मले आणि प्रत्येकात निरनिराळा धातू मिसळला आहे, अशी. तिच्यावर आक्षेप घेणे तुलनेने सोपे आहे, कारण ती जाणूनबुजून रचलेली असत्यकथा आहे. लास व्हेगासच्या कथेबाबत ती सोय नाही. तिला साक्षीदार आहे. मग तिच्यात खटकण्यासारखे काय आहे?

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी १९७६ साली 'नैतिक दैव' या संकल्पनेची चर्चा उपस्थित केली. विल्यम्स यांचे उदाहरण चित्रकार गोगँचे होते : कुटुंबाला सोडून दूर बेटावर गेलेल्या माणसाच्या निर्णयाचे समर्थन, झालेच तर, त्याच्या चित्रांच्या यशानेच होऊ शकते आणि ते यश निर्णयाच्या क्षणी त्याच्या हाती नसते. द्यूतकथेला हे विवेचन वरवर चपखल लागू पडते. स्मिथ हरले असते तर ही कथा कोणी सांगितली नसती, किंवा सांगितली असती तर ती अपहाराची म्हणून. तथापि विल्यम्स यांची चौकट येथे अपुरी पडते. ती परिणामाकडून कृतीकडे पाहते. डावावर लावलेली वस्तू लावणाऱ्याची होती काय, हा प्रश्न तिच्यात दुय्यम राहतो.

तो प्रश्न भारतीय परंपरेत एका स्त्रीने विचारला आहे. सभापर्वात द्यूतात हरलेल्या द्रौपदीला आणण्यासाठी प्रातिकामी येतो, तेव्हा ती त्यालाच परत पाठविते आणि युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, हे विचारून ये म्हणते. सभेतील कोणालाच त्याचे उत्तर देता येत नाही. भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेकडे बोट दाखवितात. केवळ विकर्ण उठून स्पष्ट बोलतो आणि त्याच्या युक्तिवादातील दोन मुद्दे येथे महत्त्वाचे आहेत. युधिष्ठिर स्वतःला हरल्यानंतर त्याने तिला पणाला लावले, आणि ती एकट्या युधिष्ठिराची नव्हे, पाचही पांडवांची पत्नी होती. या प्रश्नाचे वैशिष्ट्य असे की तो निकालावर अवलंबून नाही. युधिष्ठिर तो डाव जिंकला असता तरीही पण लावण्याचा त्याला अधिकार नव्हता, हे विधान तितकेच खरे राहिले असते. फक्त ते विचारण्याची पाळी कोणावर आली नसती.

आता स्मिथ यांच्या उत्तराकडे पुन्हा पाहता येईल. त्यांचा तर्क असा : सर्व बुडालेच होते, म्हणून उरलेले डावावर लावण्यास हरकत नव्हती. द्रौपदीचा तर्क याच्या बरोबर उलट आहे : तू सर्व हरला होतास, म्हणूनच उरलेले डावावर लावण्याचा तुझा अधिकार संपला होता. दोघेही त्याच वस्तुस्थितीपासून निघतात. सर्वस्व गेल्याची जाणीव एकाला मोकळीक देते, दुसरीच्या मते तीच जाणीव हात बांधते. व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर, देणी भागविण्याइतका पैसा ज्या कंपनीपाशी उरत नाही, तिच्या खात्यातील शेवटची रक्कम संस्थापकाच्या साहसासाठी नसते. ती धनकोंची आणि ज्यांचा पगार थकला आहे त्यांची असते. दिवाळखोरीविषयक कायद्यांचा रोखही सर्वसाधारणपणे याच दिशेने असतो. स्मिथ यांनी स्वतःची वारसाहक्काची मोठी संपत्ती कंपनीत घातली होती आणि पाच हजार डॉलर त्यापुढे क्षुल्लक होते, हा बचाव करता येईल. पण स्वतःची संपत्ती घालणे आणि सामाईक झालेली संपत्ती पणाला लावणे ही दोन कृत्ये आहेत. कथा मात्र ती एकाच धैर्याची दोन रूपे म्हणून सादर करते.

आकड्यांचा हिशेब केल्यास कथेचे कार्य अधिक स्पष्ट होते. पहिल्या सव्वीस महिन्यांत कंपनीला सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरचा तोटा झाला. जुगारात मिळालेली रक्कम त्याच्या हजारांशाहूनही कमी होती. स्मिथ यांनी स्वतः तिला निर्णायक मानले नव्हते, शुभशकुन मानले होते. कंपनी तगली ती गुंतवणूकदारांच्या आणि बँकांच्या कोट्यवधी डॉलरांवर, तसेच कायद्यातील बदलांवर. लहान विमानांच्या मालवाहतुकीला १९७२ साली मिळालेली सवलत आणि १९७७ साली झालेली हवाई मालवाहतुकीची निर्बंधमुक्ती यांच्याशिवाय तिची वाढ समजत नाही. सावत्र बहिणींचाही वाटा असलेल्या कौटुंबिक विश्वस्तनिधीच्या नावाने घेतलेल्या कर्जाच्या कागदपत्रांवरून स्मिथ यांच्यावर १९७५ साली फौजदारी खटला झाला आणि ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. या खटल्यात पण कोणाचा हा प्रश्न न्यायालयात, शपथेवर, विचारला गेला होता आणि त्याचे कायदेशीर उत्तर स्मिथ यांच्या बाजूचे आले. लोकप्रिय कथनात त्याला जागा मिळाली नाही. मिळती तर नायकाची सुटकाच ऐकावयास मिळाली असती. पण तिच्याबरोबर प्रश्नही आला असता.

या दोन कथांच्या आडोशाला आणखी काही कथा आहेत. आरंभीच्या दिवसांत कर्मचाऱ्यांना पगाराचे धनादेश इतक्यात वटवू नका असे सांगितले जाई, आणि त्यांनी ते मानले. वैमानिकांनी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर इंधन भरले. पाकिटे पोहोचविणाऱ्या एका चालकाने गाडीत पेट्रोल भरण्यासाठी मनगटावरचे घड्याळ गहाण टाकले. या कथा कंपनीच्या गौरवग्रंथांतही आढळतात आणि कामगारही त्या सांगतात. नेमके हेच त्यांचे दुपदरी स्वरूप आहे. वरून सांगितली की घड्याळाची कथा निष्ठेचा दृष्टांत होते आणि आजच्या श्रोत्याला विचारते, तू काय गहाण टाकलेस? खालून सांगितली की तीच कथा एक नोंद होते : आमचेही यात गुंतले होते. धनादेश न वटविणे म्हणजे व्याजाशिवाय दिलेले कर्जच. संस्थापकाने पाच हजार डॉलर डावावर लावले त्या रात्री टेबलावर ही कर्जेही होती, परंतु त्यांच्या धन्यांना कोणी विचारले नव्हते.

आपल्या परंपरेतील ऋणकल्पना येथे उपयोगी पडते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही मनुष्याने स्वेच्छेने काढलेली कर्जे नव्हेत. तो जन्मतःच ती घेऊन येतो. उत्पत्तिकथा नोकरीच्या संबंधात पितृऋणाची स्थापना करते. १९७३ साली ज्याचा जन्मही झाला नव्हता, तो कर्मचारी रुजू होताच त्या रात्रीच्या डावाचा ऋणको होतो, कारण तो डाव जिंकला गेला नसता तर त्याची नोकरी नसती. वेतनाचा करार दोन समान पक्षांत असतो आणि महिनाअखेरीस त्याचा हिशेब चुकता होतो. पितृऋण कधीच चुकते होत नाही. आणि विलक्षण भाग असा की जे खरे ऋणको होते आणि जे खरे धनको, त्यांची अदलाबदल या कथेत सहज होऊन जाते. घड्याळ ज्याने गहाण टाकले तोही कृतज्ञ ठरतो.

या विश्लेषणावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. कामगार या कथा आवडीने सांगतात, त्यांतून त्यांच्या कंटाळवाण्या रात्रपाळीला अर्थ येतो. अभ्यासकाने तो हिरावून घेण्यात कोणता न्याय आहे? सांत एक्झुपेरी यांच्या १९३१ सालच्या 'रात्रीचे उड्डाण' या कादंबरीतील रिव्हिएर हा अधिकारी याच पायावर उभा आहे. टपाल वेळेवर पोहोचले पाहिजे, वैमानिकाचा जीव गेला तरी. कारण त्या कर्तव्याने मनुष्य स्वतःहून मोठा होतो. आक्षेपातील तथ्य मान्य करावयास हवे. परंतु कादंबरीकाराने रिव्हिएरच्या कार्यालयात वैमानिकाच्या पत्नीला आणून उभे केले आहे आणि तिच्यासमोर त्याला आपल्या सत्याबरोबर तिचेही सत्य मान्य करावे लागते. संस्थेची उत्पत्तिकथा ही साहित्यकृतीपेक्षा नैतिक दृष्ट्या दरिद्री असते ती येथे. तिच्यात दुसऱ्या सत्याला दार नसते. अर्थ देणे हा तिचा गुण निर्विवाद आहे. प्रश्न विचारणाऱ्यास अरसिक, किंबहुना कृतघ्न ठरविणे हे त्या गुणाचे मोल असते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये द्रौपदीने भर सभेत धर्मचर्चेच्या भाषेत प्रश्न उपस्थित केला हीच तिची चूक मानली आहे, याचे येथे स्मरण होते. कर्वे यांचा रोख त्या प्रश्नाच्या व्यावहारिक धोक्यावर होता आणि तो बरोबरच आहे. असा प्रश्न विचारणारा सभेत एकटा पडतो. म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही.

एक प्रसंग असा आहे, जेथे दोन उत्पत्तिकथा एकाच छपराखाली आल्या. १९८९ साली फेडरल एक्स्प्रेसमध्ये फ्लाइंग टायगर ही जुनी मालवाहू कंपनी विलीन झाली. ती १९४५ साली रॉबर्ट प्रेस्कॉट यांनी स्थापिली होती. चीनमध्ये जपानी हवाई दलाशी लढलेल्या शेनॉल्ट यांच्या स्वयंसेवक पथकातील वैमानिकांनी तिच्यात आपली बचत घातली होती. त्यांच्या उत्पत्तिकथेतही साहस आहे, पण पण ज्याचा त्याने लावलेला आहे. हे वैमानिक नव्या घरात आले ते आपला ज्येष्ठताक्रम आणि कामगारसंघटनेची सवय घेऊन. ज्येष्ठतेचा वाद लवादापुढे गेला. आणि संस्थापकाचा संघटनेला असलेला विरोध जगजाहीर असतानाही १९९०च्या दशकाच्या आरंभी फेडरल एक्स्प्रेसच्या वैमानिकांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. त्याची कारणे अनेक होती आणि ती केवळ कथांत शोधणे भाबडेपणाचे होईल. तथापि एवढे नोंदविण्यास हरकत नाही की ज्येष्ठताक्रमाची यादी हीसुद्धा एक उत्पत्तिकथाच असते. कोण कधी आला आणि म्हणून कोणाचे किती, एवढेच ती सांगते. तिच्यात शकुन नसतो, नायक नसतो. घड्याळ गहाण टाकणाऱ्याचे नाव मात्र, तो वैमानिक असता तर, तिच्यात तारखेसह सापडले असते. प्रचलित कथेत ते नाही, आणि घड्याळ पुढे सोडविले गेले की नाही हेही तिच्यात नाही.